सरांचा उत्तरपक्ष

दारव्ह्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला रुजू झालो आणि पहिल्याच दिवशी खोली शोधत एका घरी गेलो. घरमालक ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. अंगात बनियन, कानावर पेन्सिल, मांडीवर लाल बांधणीची वही. माझं नाव, गाव, नोकरी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे. आता मले हे सांगा, मी तुमाले खोली काहून देऊ नये?"

मी वणीचा. आमच्याकडे कोळशाच्या ट्रकांच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला नकार एका शब्दात ऐकायची सवय असते. मला वाटलं, नकार द्यायची ही दारव्ह्याची सभ्य पद्धत असेल.

"सांगा ना. एकटे आहा, हे एक झालं. आणखी?"

"मी घोरतो," मी म्हणालो.

"बढिया! आणखी?"

"रानातून मुळ्या, पाला आणून खोलीत वाळत घालतो. वास येतो."

माणसाचा चेहरा लग्नातल्यासारखा खुलला. हे सगळं वहीत उतरवून घेत म्हणाले, "हा झाला पूर्वपक्ष. आता उत्तरपक्ष?"

पूर्वपक्ष म्हणजे काय हे मला नंतर कळलं. जुन्या शास्त्रचर्चेत आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, तेही तो स्वतः मांडणार नाही इतक्या ताकदीनं. मग त्याला आपलं उत्तर द्यायचं. पहिला पूर्वपक्ष, दुसरा उत्तरपक्ष. हे गृहस्थ माझ्याच कॉलेजात तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवत होते, आणि वर्गातली ही रीत त्यांच्या घरात शिरून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली होती. त्या दिवशी मला एवढंच सुचलं, "गावात दुसरी खोली मिळाली नाही."

आतून हसण्याचा आवाज आला. पदर खोचलेल्या एक काकू दारात येऊन म्हणाल्या, "चावी द्या त्याईले. अन् भाऊ, चहात साखर किती टाकू?"

त्या घरात मी नऊ वर्षं राहिलो.

सर आणि काकू दोघेही बंजारा. सरांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. सरांच्या वाट्याला बैल आले नाहीत, पण हिंडणं पुरेपूर आलं. त्यांना बसून शिकवता येत नसे. तास सुरू झाला की ते वर्गातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून फाटकाकडे चालत सुटायचे आणि मागे वह्या सांभाळत पोरं. एकदा अनुमानाचे प्रकार शिकवता शिकवता तास आठवडी बाजारात, वांग्यांच्या ढिगापाशी संपला. प्राचार्यांनी विचारलं तर म्हणाले, "बसून विचार करायची रीत नवी आहे सर, चालून करायची जुनी."

जुनं आणि नवं हा त्यांचा खरा नाद. ते म्हणायचे, हजारो वर्षं माणूस विचारतो आहे की सत्य काय, चांगलं काय, देव आहे की नाही. पण हे विचारणारं डोकं मुळात कशासाठी घडलं, ते कोणी पाहत नाही. "इंजिन पाह्यल्याबिगर गाडी कुठी जाईन हे कसं सांगता तुम्ही? हे डोकं जंगलात घडलं. कॉलेज, कागद, इलेक्शन हे काल आलं." असं म्हणून स्वतःच्या कपाळावर पेन्सिलीनं टकटक करायचे.

या सिद्धांताचे पुरावे गोळा करायला ती लाल वही. बसस्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही चहाला गेलो की सर आधी मोजायचे, भिंतीकडे पाठ करून किती बसले आणि दाराकडे पाठ करून किती. भिंतीकडची बाकडी आधी भरायची. "पाहा, पाठीमागून वाघ येईन म्हणून माणूस भिंत धरून बसते."

"सर, दारव्ह्यात वाघ?"

"दारव्ह्यात नाही हो वणीवाले, डोक्यात."

हे बोलताना ते स्वतः भिंतीला टेकलेले असायचे, आणि तेही वहीत लिहायचे. हा त्यांचा मोठेपणा. दुसऱ्याच्या डोक्यातलं माकड दाखवणारे पुष्कळ भेटतात, सर आपलंही दाखवायचे. त्यांना राग आला की मध्येच थांबून विचारायचे, "हे मी बोलून राह्यलो का माकड?" तोवर ज्याच्यावर राग आला तो माणूस निघून गेलेला असायचा. त्यामुळे नऊ वर्षांत सरांचं एकही भांडण पूर्ण झालेलं मी पाहिलं नाही.

झरी जामणीच्या शिबिराचा किस्सा आमच्या कॉलेजात अजून सांगतात. पोरांना घेऊन आम्ही रानात हिंडत होतो. वाट दाखवायला गावातले कोलाम जमातीचे एक म्हातारे बाबा होते. एका मोहाच्या झाडाखाली सरांचा तास सुरू झाला. "पान हललं की आपल्याले वाटते, कोणीतरी आहे. शंभरदा वारा असते, एकखेप वाघ. 'वाराच होय' म्हणून जे बसून राह्यले, त्याईचे नातू आज नाहीत. जे पळाले, त्याईचे आपण नातू. म्हणून आपल्याले अंधारात भूत दिसते, आजारात कोणाची नजर दिसते."

तेवढ्यात समोरचं झुडूप हललं. पोरं मागे सरकली. सरांना याहून चांगला पुरावा कुठे मिळणार? "पाहा, पाहा! हे तुमच्या पणजोबाचं भेव आहे!" असं म्हणत ते झुडपाकडे निघाले. मी सहज वर पाहिलं तर कोलाम बाबा केव्हाच मोहाच्या फांदीवर जाऊन बसले होते.

झुडपातून रानडुक्कर निघालं. सर जितक्या वेगानं धावले, तितका वेग तत्त्वज्ञानाच्या माणसाच्या पायात असेल असं मला वाटलं नव्हतं. एक चप्पल तिथेच राहिली. जीपमध्ये बसून दम खाल्ल्यावर त्यांनी वही मागितली, आणि लिहिता लिहिता म्हणाले, "पूर्वपक्ष मजबूत होता बाप्पा."

काकूंचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण त्या घरातला पहिल्या नंबरचा तर्क कोणाचा, हे मला एका दुपारी कळलं. सरांनी चार चिठ्ठ्या तयार केल्या होत्या. प्रत्येकीच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. वर दिसत होतं क, ट, चार आणि सात. नियम असा, की एका बाजूला क असेल तर मागे सम आकडा असलाच पाहिजे. नियम पाळला आहे की नाही हे बघायला कोणत्या चिठ्ठ्या उलटाल? मी ऐटीत क आणि चार उलटल्या. चूक. स्टाफरूममध्ये गणिताचे सर चुकले, भौतिकशास्त्राच्या मॅडम चुकल्या. क बरोबर होता, पण चार उलटून काही कळत नाही, कारण चारच्या मागे काहीही चालतं. उलटायला हवा होता सात. त्याच्या मागे क निघाला तर नियम मोडला. हे मला समजायला अर्धा तास लागला, आणि ज्याला लगेच समजलं असेल त्याचा मला अजून राग येतो.

काकू ओसरीत तुरीची डाळ निवडत होत्या. सरांनी कोडं बदललं. "हे पाहा, तांड्यावरच्या लग्नात काय नियम असते? पहिल्या पंगतीत जो जेवला, त्यानं दुसऱ्या पंगतीले वाढलंच पाह्यजे. आता तुह्या समोर चार माणसं आहेत. एक जेवला हे तुले ठाऊक आहे. एक जेवला नाही, हेही ठाऊक आहे. तिसरा वाढून राह्यला. चौथा खिशात हात घालून उभा आहे. कोणाकोणाले तपासशीन?"

काकूंनी डाळीतून मान वर केली नाही. "जेवला त्याले पाहीन, वाढते का नाही ते. अन् तो खिशात हात घातलेला, त्याच्या हाताचा वास घेईन. बाकीच्या दोघाईले कायले तरास द्या?"

सर उडालेच. कोडं तेच होतं, फक्त चिठ्ठ्यांच्या जागी माणसं आली होती. आपलं डोकं अक्षरं तपासायला घडलंच नाही, लबाडी पकडायला घडलं, हे सरांचं म्हणणं आणि त्याचा जिवंत पुरावा त्यांच्या ओसरीत बसला होता. पुढे प्रत्येक भाषणात "एक सातवी शिकलेली बाई" यायची. काकू मला म्हणायच्या, "एक बाई म्हणते मले. जसं काई रस्त्यात भेटली."

आणि मग सरांचा निवृत्तीचा समारंभ आला.

आमच्याकडे अशा समारंभाची रीत ठरलेली आहे. नवराबायको दोघांना स्टेजवर बसवायचं, त्याला शाल, तिला साडी, दोघांना नारळ. मग त्यानं बोलायचं की माझ्या यशात हिचा मोठा वाटा आहे, तिनं खाली पाहायचं, आणि सगळ्यांनी जेवायला जायचं. काकूंच्या माहेरच्या तांड्यावरूनही, त्या बंजारा वस्तीवरून, दोन जीप भरून माणसं आली होती. काकूंनी नवी साडी नेसली होती आणि सकाळपासून त्या आरशापुढे दोनदा गेल्या होत्या. हे मी पाहिलं होतं, म्हणून पुढचं मला जास्त लागलं.

सर उभे राहिले आणि चालू लागले. माइकची वायर पुरेल तेवढं स्टेजवर इकडून तिकडे. म्हणाले, "चौतीस वर्षं या बाईनं माझ्यावर माया केली. आता प्रश्न असा, की ही माया म्हणजे काय? निसर्गाले लेकरं वाढवून पाह्यजे असतात. माणसाचं लेकरू वाढाले वेळ लागते, म्हणून निसर्गानं दोघाईले एकमेकाच्या मायेनं बांधून ठेवलं. माया ही एक युक्ती आहे. आता आमाले लेकरू झालं नाही. म्हणजे ज्या कामासाठी माया होती, ते काम आमच्याकडून झालंच नाही. मंग या मायेले अर्थ काय? चौतीस वर्षं आम्ही फसलोच म्हणायचं का?"

मला कळलं, हा पूर्वपक्ष आहे. पण ते कळणारा मी आणि तत्त्वज्ञानाची सात पोरं. आणि नेमक्या त्या क्षणी सूत्रसंचालकांनी चिठ्ठी पाठवली की स्वयंपाक निवून राहिला आहे. सरांनी चिठ्ठी वाचली, "बरं, उरलेलं पुन्हा कधी" म्हणाले, आणि खाली बसले.

काकूंनी नारळ टेबलावर ठेवला. साडीचं पाकीटही ठेवलं. स्टेजच्या पायऱ्या उतरल्या आणि तांड्याच्या जीपमध्ये जाऊन बसल्या. त्या जेवल्याही नाहीत.

घरी आल्यावर मी सरांवर चिडलो. भाडेकरूनं चिडायला नको होतं, पण चिडलो. "उत्तरपक्ष आधी बोलायचा ना सर! काय होता तो? मी जाऊन काकूंना सांगतो."

सर खुर्चीत बसून होते. वही बंद. "तोच तर नव्हता," ते म्हणाले. "मले वाटलं, बोलता बोलता सुचन."

पुढचे अकरा दिवस त्या घरात कोणी काही मोजलं नाही. काकूंनी सरांचा फोन घेतला नाही. माझ्या मोबाइलवर मात्र रोज सकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज यायचा. "तुमच्या सराईले म्हणा, बीपीची गोळी डब्याच्या मांगं हाय." दुसऱ्या दिवशी, "तुळशीले पानी टाकलं का, इचारा." मी तो आवाज सरांना ऐकवायचो. ते दोनदा, तीनदा ऐकायचे, गोळी घ्यायचे, तुळशीला पाणी घालायचे. एकदा मी म्हणालो, "सर, लिहा ना वहीत, रागावलेली बायको गोळीची आठवण का करते." ते म्हणाले, "नका हो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला माझ्या जिभेची लाज वाटली.

बाराव्या दिवशी तांड्यावरून निरोप आला. काकूंचे चुलत भाऊ तिथले नायक. नवराबायकोचं बिनसलं की तांड्यात नायक दोघांना सगळ्यांसमोर बसवून ऐकतो, ही त्यांची जुनी रीत. सर मला म्हणाले, "चला सोबत. हिनं नाहीच म्हटलं तर मले परत आणाले कोणी पाह्यजे." शेअर जीपमध्ये ते बाहेरच्या बाजूला, रस्त्याकडे पाठ करून बसले. भिंत शोधायचंही त्यांना सुचलं नाही.

देवळासमोरच्या कट्ट्यावर पन्नासेक माणसं जमली होती. काकू बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलणं सुरू झालं, तेव्हा नायकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "पाव्हणा आहे. मराठीत बोला सारे. जवाईबापू, तुमचं काय म्हननं हाय?"

सर उभे राहिले. चालले मात्र नाहीत. आणि त्यांनी स्वतःच्या विरोधात पूर्वपक्ष मांडायला सुरुवात केली. या माणसानं भरल्या सभेत बायकोचं दुखणं उघडं केलं. जे दुखणं दोघांचं होतं, त्याचं उदाहरण केलं. तिला कधी विचारलं नाही. पुस्तकात डोकं घालून तिच्या हातचं खाल्लं आणि चव कशी झाली हे सांगितलं नाही. ते असे बोलत सुटले की नायकांनीच हात वर केला. "बस करा जवाईबापू, तिच्यासाठी काही ठेवा!"

सगळा कट्टा हसला. काकूही हसल्या, पण लगेच तोंडाला पदर लावला.

"अन् उत्तर?" नायकांनी विचारलं.

"उत्तर नाही," सर म्हणाले. "अकरा दिवस शोधलं. हरलो मी."

"मी देते उत्तर," काकू म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. पन्नास माणसांसमोर त्या पहिल्यांदाच बोलत असाव्यात, कारण आधी त्यांनी पदर तीनदा सारखा केला.

"हे म्हन्ते, माया म्हंजे निसर्गाची युक्ती. मानसाच्या डोक्यावर भरोसा नाही, ते जंगलासाठी घडलं. बरं. मंग तुमचं हे शास्त्र कोन्त्या डोक्यातून निंघालं? त्याच ना? त्या डोक्यातलं तुमचं शास्त्र खरं, अन् त्याच डोक्यातली माही माया खोटी, हे कसं?"

काकूंनी बोटांवर मोजायला घेतलं.

"दुसरं. ज्या कामासाठी माया देल्ली, ते काम झालं नाही म्हन्ता. नाही झालं. मी काई कमी रडली नाही त्यासाठी. पन काम नाही झालं तरी माया गेली का? चौतीस वर्षं राह्यली. कामाची असती तर कामासंगं गेली असती. राह्यली, म्हंजे ते निसर्गाची नाही. ते माही होय."

सरांचा हात सवयीनं कानावरच्या पेन्सिलीकडे गेला.

"लिहू नका," काकू म्हणाल्या. "आयका. अजून संपलं नाही. तुमचं ते पंगतीचं कोडं. दोघाईले तपासा म्हन्लं होतं ना मी? जो जेवला त्याले, अन् जो वाढून नाही राह्यला त्याले. मी तपासले. दोन्ही जागी हेच सापडले!"

कट्टा असा हसला की देवळावरची कबुतरं उडाली. नायकांनी डोळे पुसत निकाल दिला. आज तांड्याला जेवण आहे, आणि जवाईबापू वाढतील.

सरांनी वाढलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि ते दिसत होतं. माझ्या पत्रावळीत वरण पडलं आणि माझ्या गुडघ्यावरही पडलं. एका म्हाताऱ्याला त्यांनी दोनदा भात वाढला आणि शेजारचा तसाच राहिला. बायकांच्या पंगतीत काकूंपाशी आले तेव्हा हातातली भाकरी तशीच धरून उभे राहिले. "किती वाढू?" एवढंच विचारलं. चौतीस वर्षांत त्यांना हे ठाऊक नव्हतं.

"एक," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दोन द्या. भूक लागली आहे."

पंगत उठली. सर घामाघूम होऊन कट्ट्याच्या कडेला टेकले. ते स्वतः जेवले नव्हते, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. काकूंनी हात धुतले, एक पत्रावळ उचलली, सरांच्या पुढ्यात मांडली आणि भाकरीची टोपली घेतली.

"राहू दे, मी घेतो," सर म्हणाले.

"कायले?" काकू म्हणाल्या. "मी जेवली ना. आता माही पाळी."